पाच नंबरचा सेल

सोमवार, ३ मार्च

पहाटे पाचला लाईट गेली आणि सव्वासातला बॅटरीनंही मान टाकली. सव्वादोन तास फक्त. दिवाळीत हीच बॅटरी सहा तास आरामात चालायची. मी चहा टाकत होते, तेवढ्यात बापूंचं, माझ्या वडिलांचं, ऑक्सिजनचं मशीन केकाटायला लागलं. पळत गेले. सिलिंडरची किल्ली सापडेना. रोज जिथं टांगलेली असते तिथंच होती, मलाच दिसेना. बसवली ती तिसऱ्या प्रयत्नात. बापू कॉटवर बसून माझ्याकडं बघत होते, ओठ मुडपून हळूहळू श्वास सोडत, डॉक्टरांनी शिकवलाय तसा. म्हणाले, सावकाश कर. जीव त्यांचा गुदमरतोय आणि मला म्हणतात सावकाश कर.

सात चाळीसला लाईट आली. बोटाला लावायच्या मीटरवर ८८ होते. मशीन लागल्यावर पाच-सात मिनिटांनी ९३.

हे फर्स्ट शिफ्टला गेलेले, वाळूजला. फोन केला तर म्हणाले संध्याकाळी बघू. बघू म्हणे.

कॉलेजात दिवसभर लक्ष नव्हतं. एका मुलीनं व्होल्टमीटर मागितला तर मी अ‍ॅमीटर दिला. तिनंच परत आणून दिला बिचारीनं.

मंगळवार, ४ मार्च

दुपारी लवकर आले. ऊन होतं तेवढ्यात जिन्याखालची बॅटरीची पेटी उघडली. मंगळसूत्र पाठीमागं टाकून पिन लावली, पाटल्या काढून ठेवल्या. एकदा वाकले असताना मंगळसूत्राची वाटी दोन सेलांवर टेकता टेकता राहिली होती, तेव्हापासून हा नेम.

आठही सेल मोजले. सात सेल ३.५५ ते ३.६० व्होल्ट. पाच नंबर ३.३१.

म्हणजे झालंय असं. आठ सेल एकामागं एक जोडलेले. वर बीएमएसची हिरवी पट्टी राखणीला. एक जरी सेल गच्च भरला तरी ती सगळ्यांचं चार्जिंग तोडते, आणि एक जरी रिकामा झाला तरी सगळी बॅटरी बंद पाडते. सात भरतात, पट्टी म्हणते पुरे, पाचवा अर्धाच राहतो. लाईट गेली की तो अर्धा आधी संपतो, की सगळंच बंद. सातांच्या पोटात भरपूर आहे, पण उपयोग शून्य.

आणि पाच नंबर कुणी बसवला? मीच. जानेवारीत जुना फुगला म्हणून शकीलभाईंनी नवीन आणून दिला. नवीन सेल अर्धा भरलेलाच येतो, बाकीच्यांच्या बरोबरीला आणून मगच बसवायचा असतो. हे मला माहीत नव्हतं का? बी.एस्सी. फिजिक्स, एकोणीस वर्षं लॅबमधे. चांगलं माहीत होतं. पण बॅटरी तीन दिवस उघडी पडणार, मधेच लाईट गेली तर काय, या भीतीनं संध्याकाळच्या संध्याकाळी ठोकून मोकळी झाले. भीतीपोटी केलं आणि तेच अंगाशी आलं.

ह्यांना सांगितलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, सेलमधे काहीतरी आहे.

गुरुवार, ६ मार्च

शकीलभाईंना फोन. मूळचे सिल्लोडचे, आता इथं बॅटऱ्यांचं दुकान. माणूस चांगला, पण माझ्या आवाजावरूनच ओळखलं काय झालंय ते. "बिना बराबर किए बिठा दिया ना ताई? मैं बोला था ना?" बोलले होते. मी हौ हौ केलं होतं.

उपाय तोच पुस्तकातला. आठही सेल सोडवायचे, सगळे शेजारी शेजारी एकत्र जोडायचे आणि सावकाश भरायचे. तीन दिवस, कदाचित चार. तेवढे दिवस बदली बॅटरी मिळेल का विचारलं. उन्हाळा तोंडावर, सगळ्या बाहेर गेल्यात म्हणाले.

तीन दिवस. पडेगावात आमच्या गल्लीत तीन दिवस सलग लाईट राहिल्याचं मला आठवत नाही. सिलिंडर एकच, छोटा. जेमतेम दोन तास.

दुरुस्त केली तर तीन दिवस बॅटरी नाही. नाही केली तर सव्वादोन तासांच्या वर भरवसा नाही. डोकं नुसतं भणभणतंय. सिंकमधली भांडी दोनदा घासली आज.

शनिवार, ८ मार्च

घरात सांगून टाकलं. चूक माझी हेही.  हे म्हणाले, तीन दिवस बापूंना दवाखान्यात ठेवू. बापूंनी ऐकलं आणि जेवण अर्ध्यावर ठेवलं. मागच्या वेळचे अकरा दिवस ते विसरलेले नाहीत.

दुपारी त्यांनीच मला जवळ बसवून घेतलं. म्हणाले, मला नीट सांग तुझ्या पेटीत काय झालंय. मी सांगितलं. सात भरलेले, एक अर्धा, पट्टी, सगळं. मनात म्हटलं यांना काय कळणार.

बापू तीस वर्षं धरणाच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते, पाचोडच्या खालच्या अंगाला. कुणाच्या शेतात किती तास पाणी, कुठली दारं कधी उघडायची, कधी पाडायची, हे त्यांचं काम. सायकल, कंदील आणि वही. लहानपणी मला वाटायचं धरणच बापूंचं आहे.

ऐकून घेतलं, दम खाल्ला, आणि म्हणाले, "टेलचं, शेवटचं शेत कोरडं राह्यलंय एवढंच ना? मग त्या एकट्याला पाणी दे की. भरलेल्यांची दारं कशाला उघडती?"

 बरोबर आहे. लॅबमधला पॉवर सप्लाय एकट्या पाच नंबरला लावायचा, बाकी बॅटरी आहे तशी चालू. एक मिनिटही बंद ठेवायची गरज नाही. दोन दिवस मी उशी भिजवतेय, आणि उत्तर पाचोडच्या पाटावर.

म्हणाले, नेम असतो, आधी शेवटच्याला द्यायचं, मग वर वर यायचं. वरच्याला आधी दिलं की शेवटच्याला कधीच पुरत नाय. हे सांगताना दम लागला, पण चेहरा कितीतरी दिवसांनी असा बघितला.

सोमवार, १० मार्च

सप्लाय घरी न्यायला विभागप्रमुख सरांनी सही दिली. सप्लाय पिशवीत घालून रिक्षातून आणला, बाळंतिणीला आणावं तसा सांभाळून. जुना आहे. पाच अँपिअर देतो. एक खोड आहे, व्होल्टेजचा नॉब आपोआप सरकतो. ३.५० वर ठेवावा तर तासाभरात ३.५६. कुणीतरी बघत बसायला पाहिजे, नाहीतर पाच नंबरला गच्च भरून हाही फुगायचा. असा एकट्याला बाहेरून भरताना ती हिरवी पट्टीपण थांबवू शकत नाही.

शकीलभाईंना विचारून घेतलं. हसले. "किसने बताया?" वडिलांनी म्हटलं. म्हणाले, मग त्यांनाच बसवा दुकानात.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी दोन तास लावला, कॉलेजला जाताना काढला. संध्याकाळी परत दोन तास. किमान दहा तास लागणार, वर थोडे. पण लाईट गेली की सप्लायही बंद, म्हणून आठवडा जाईल. आणि रोज चार वेळा लाईट जातेय. मीटरकडं बघून बघून डोळे चुरचुरतात.

बापू म्हणाले, दिवसा मी बघतो. नॉब फिरवायला काय अक्कल लागती. मी नको म्हणाले. परत म्हणाले. मग हो म्हटलं. सरकला तर इथपर्यंत आणायचा, म्हणून नॉबवर नेलपॉलिशनं खूण करून दिली.

गुरुवार, १३ मार्च

कॉलेजहून आले तर बापूंनी वही पुढं केली. अकरापासून साडेचारपर्यंत दर अर्ध्या तासाला नोंद. वेळ, आठही सेल, शेवटी सही. अक्षर तेच, टपोरं, प्रत्येक आकडा रकान्याच्या मधोमध. तीन ठिकाणी शेरा, "नॉब सरकला, खुणेवर आणला". पाच नंबर ३.३७ पर्यंत चढलाय.

पहिल्यांदाच छातीवरचं ओझं थोडं हललं. ह्यांना वही दाखवली. म्हणाले, आमच्या कंपनीत असा एक ऑपरेटर नाही.

बापू थकलेले दिसले. ऊन वाढलंय.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवडीची सुट्टी. घरी होते म्हणून कळलं. नाहीतर कळलंच नसतं.

साडेदहाला मी कपडे वाळत घालून खाली येत होते. बापूंनी नाकातली नळी काढली, उशीवर ठेवली, आणि भिंतीला धरून जिन्याखाली निघाले. चौदा पावलं. पेटीजवळ स्टुलावर टेकले, मीटर एकेका सेलला लावलं, लिहिलं, नॉब बघितला, परत चौदा पावलं. मी पायरीवर उभी. ओरडले तर दचकून पडतील म्हणून ओरडलेही नाही. कॉटवर बसले तेव्हा ओठ निळे. बोटाच्या मीटरवर ८१.

नळी कॉटपुरतीच आहे. मी स्वतः लावलीय. सेलांच्या वायरी मी इंचाइंचानं मोजल्या आणि ही नळी मोजली नाही. काल अकरा ते साडेचार, दर अर्ध्या तासाला. बारा वेळा.

मग मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. वही काढून घेतली, कपाटात टाकली, कुलूप घातलं. लहान पोराची पतंग काढून घ्यावी तशी. बापू ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "दिसभर बसून श्वास घ्यायचा, एवढंच काम राह्यलंय मला, शाले. त्याला काम म्हणायचं का?"

मी आत जाऊन रडले. राग त्यांचा आला होता की माझा, मला अजून कळलेलं नाही.

शनिवार, १५ मार्च

बापू भिंतीकडं तोंड करून. विचारलं तेवढंच उत्तर, व्हय, नाय. जेवले निम्मंच.

सेल नं. ५ आहे तिथंच. सप्लायला हात लावायची इच्छा नाही.

रविवार, १६ मार्च

फोनवर मेसेज आला. शुक्रवारी २१ तारखेला सकाळी ९ ते ५ लाईट बंद, तारांचं काम. आठ तास सलग. त्याच दिवशी माझ्याकडं प्रॅक्टिकलची परीक्षा, बाहेरून परीक्षक, लॅबमधे मी एकटीच. रजेचं नावही काढता येणार नाही. ह्यांनी याच महिन्यात बापूंच्या तपासण्यांसाठी दोन दिवस काढलेत, तिसरा मिळणार नाही.

मेसेज चार वेळा वाचला. 

दुपारी डॉक्टरांना फोन केला. लांब नळी चालेल, पण फार लांब नको, आणि उठबस कमी. मेडिकलमधून पंचवीस फुटी आणली. कॉटपासून पेटीपर्यंत पोचते, वर हातभर उरते. स्टूल काढून हातांची खुर्ची ठेवली तिथं.

मग कपाट उघडलं आणि वही बापूंच्या हातात दिली. माफी मागायची होती. तोंडातून आलं, अक्षर चांगलं काढा. ते म्हणाले, माझं कधी वाईट होतं?

मंगळवार, १८ मार्च

नळीसकट बापू पेटीजवळ. मी दर तासाला कॉलेजातून फोन करते, ते वैतागतात. साडेतीनला त्यांनीच फोन केला. पाच नंबर ३.५०, आणि सप्लायचा करंट उतरत उतरत पाव अँपिअरवर आलाय, काढू का? काढा म्हटलं. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तरी आवाजात हसू होतं.

संध्याकाळी मी मोजले. आठही जवळजवळ सारखे. सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालचा, फरक ०.०२. जानेवारीनंतर पहिल्यांदा मी घरभर गाणं म्हणत फिरले असं हे म्हणतात. मला आठवत नाही.

बुधवार, १९ मार्च

संध्याकाळी मुद्दाम मेन स्विच पाडून दोन तास मशीन चालवलं. आठही बरोबरीनं उतरले, कुणी मागं नाही, कुणी पुढं नाही. हिशोबानं उन्हाशिवाय सहा तास नक्की. गच्चीवर सोलर पॅनेल आहेत, दोनच, जुने, पण दिवसा निम्मा भार तरी उचलतात. आठ तास निघायला पाहिजेत. पाहिजेत.

बापूंना सांगितलं, सहा तास तर कुठं गेले नाहीत. ते बोटावर काहीतरी मोजत होते.

गुरुवार, २० मार्च

तयारी. सिलिंडर भरून आणला. शेजारच्या काकूंना किल्ली फिरवायला शिकवली, तीनदा. त्या दिवसभर बसणार आहेत. हे सव्वाचारला पोचतील. फोन नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर.

तयारीची यादी परत परत तपासतेय. बापू म्हणतात तुझीच परीक्षा हाय जणू.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी सव्वाआठ. बॅटरी गच्च भरलेली. आठही सेल बरोबरीत. काकू आल्या. बापूंची दाढी केलेली, धुतलेला सदरा. कालव्यावर पाणी सुटायचं त्या दिवशी असेच असायचे. निघते.

एक वाजून पाच, लॅबमधे. पहिली बॅच संपल्यावर फोन हातात मिळाला. बापूंनी उचलला. सगळे सेल सारखे आहेत म्हणाले, आकडे वाचून दाखवायला लागले. काकू? त्यांना दहालाच घरी पाठवलं, बसून कंटाळल्या होत्या.

मागं मशीनचा आवाज येत नव्हता. विचारलं, मशीन चालू आहे ना? म्हणाले, "व्हय, आत्ता लावतो."

जाते.

शनिवार, २२ मार्च

काल लिहिता आलं नाही.

परीक्षकांना काय सांगितलं आठवत नाही. सर मागून काहीतरी म्हणत होते. रिक्षात बसल्यावर ह्यांना फोन, काकूंना फोन. काकूंनी उचलला नाही, झोपल्या होत्या.

एक पस्तीसला घरी. मशीन चालू होतं, नुकतंच लावलेलं. बापू पेटीजवळच्या खुर्चीत, नळी नाकात, वही मांडीवर. बोटाला मीटर लावलं, ८७. चढत होतं. माझ्याकडं बघून म्हणाले, परीक्षा सोडून कशाला आली?

वही घेतली. नऊपासूनच्या नोंदी, आठ रकाने, आठ सेल, सगळे आकडे एका ओळीत चालल्यासारखे. आणि मी, लाज वाटते लिहायला, मी आधी तेच बघितलं. पाच नंबर कुठं आहे, मागं पडलाय का. नाही पडला. चांगलं वाटलं. मग दिसलं की उजवीकडं आणखी एक रकाना आहे. वर नाव नाही, नंबर नाही. ९४. ९३. ९३. ८५. ९२. ९३. ८४. ९२. ९३. ८३.

एक तास मशीन चालू, अर्धा तास बंद. कडेला बारीक अक्षरात वेळ लिहिलेली, बंद केल्याची, चालू केल्याची. काकूंना पाठवलं तेही यासाठीच, त्यांनी बंद करू दिलं नसतं.

सहा तासांची बॅटरी, आठ तास लाईट नाही. तीनला संपणार, हे सव्वाचारला येणार. तो मधला सव्वा तास त्यांनी आधीच वाटून टाकला होता. बुधवारी बोटावर मोजत होते ते हे.

मी म्हटलं बापू, वर ऊन होतं, पॅनेल चालू होते. म्हणाले, "धरणात किती हाय त्याच्यावर वाटायचं असतंय. पाऊस पडंल म्हणून नाय."

पाचला लाईट आली. तेव्हा बॅटरी निम्मीही उतरली नव्हती. सलग चालवली असती तरी सहज पुरली असती. ते सांगितलं. "आता कळलं नव्हं ते," म्हणाले, "सकाळी कुणाला ठावं होतं?"

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले, दाराशी काकू उभ्या होत्या तरी. सेल बरोबरीला आणण्यात दोन आठवडे घालवले. हे माझ्या हातून घडलं. त्यांना शेतातलं पाणी वाटायला मीच परत बसवलं, आणि वाटायला त्यांच्याकडं श्वासाशिवाय दुसरं काय होतं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 

आज सकाळी डॉक्टर येऊन गेले. छाती ऐकली, पाय दाबून बघितले, सूज आहे थोडी. असं परत होता कामा नये, म्हणाले. मला म्हणाले, त्यांना नाही.

रविवार, २३ मार्च

बापूंकडून शब्द घ्यायचा प्रयत्न केला. काही झालं तरी मशीन बंद करायचं नाही, बॅटरी संपायची तर संपू दे, सिलिंडर आहे, माणसं आहेत. त्यांनी ऐकून घेतलं. "शेवटच्या शेतात पाणी पोचल्याबिगर मी कधी घरी आलो नाय, शाले." याला हो म्हणायचं की नाही म्हणायचं? 

एकदा वाटतं वही परत कपाटात टाकावी. मग धुळवडीनंतरची ती पाठ आठवते, भिंतीकडं केलेली.

दुपारी मेसेज आला. शुक्रवारी २८ तारखेला परत ९ ते ५. काम अपुरं राहिलंय. त्या दिवशी माझ्याकडं राहिलेल्या बॅचची परीक्षा, तेच परीक्षक.

बापूंना सांगितलेलं नाही. पण असा मेसेज त्यांच्याही फोनवर येतो, आणि ते फोन बघतात. जेवण झाल्यापासून पट्टी घेऊन वहीच्या कोऱ्या पानावर रकाने आखत बसलेत. मी दारातून बघितलं. आठ की नऊ, ते मोजायला आत गेले नाही.